पियानो तंत्रज्ञ व्हायचंय? कोल्हापूर परिसरातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पियानोचं ट्यूनिंग आणि दुरुस्ती शिकायची आहे, असं विचारणारे कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली-मिरजेकडचे बरेच जण भेटतात. त्यात बारावी झालेली मुलं असतात, त्यांचे आईवडील असतात आणि पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, काम करणारे कारागीरही असतात. प्रश्न बहुतेक तेच, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत सांगून भागत नाही.

कोल्हापुरात पियानो आहेतच किती? या कामावर घर चालेल का?

नुसत्या कोल्हापूर शहरातल्या पियानोंवर घर चालणार नाही. हे आधीच समजून या क्षेत्रात यावं, म्हणजे पुढे मनस्ताप होत नाही. इथे काही चर्चमध्ये, काही शाळांत, एखाद्या हॉटेलच्या लॉबीत आणि थोड्या घरांत खरे, म्हणजे तारांचे पियानो आहेत. बाकी सगळीकडे कीबोर्ड आणि डिजिटल पियानो.

पण कोल्हापूरची जागा फार सोयीची आहे. बेळगाव सुमारे 110 किलोमीटर, तिथून पुढे गोवा. उत्तरेला पाचगणीच्या निवासी शाळा आणि त्यापुढे पुणे. गोव्यात आणि बेळगावात जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांचे पियानो आहेत, आणि पुण्यात परदेशी बोर्डांच्या पियानो परीक्षा देणारी मुलं वाढली आहेत. या पट्ट्यात ठरावीक दिवसांनी फिरणारा, वेळ पाळणारा आणि सांगितलेलं काम पूर्ण करणारा माणूस असेल, तर लोक त्याची वाट बघतात. जोडीला पेटीचं काम ठेवलं तर महिन्याचं गणित जमतं. पेटी हे आपल्या भागाचं रोजचं काम आणि पियानो हे फिरतीचं काम, अशी विभागणी मला तरी सगळ्यात भरवशाची वाटते.

हे शिकवणारं कॉलेज किंवा कोर्स कोल्हापुरात आहे का?

नाही. आपल्याकडे ही विद्या बहुतेक वेळा एखाद्या जुन्या ट्यूनरच्या हाताखाली किंवा पियानो विकणाऱ्या दुकानाच्या वर्कशॉपमध्ये शिकली जाते. त्यासाठी मुंबई, पुणे, गोवा किंवा कोलकाता गाठावं लागतं.

परदेशात मात्र रीतसर शिक्षण आहे. अमेरिकेत बोस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलमध्ये पियानो तंत्रज्ञानाचा पूर्णवेळ कोर्स आहे. जर्मनीत पियानो बांधणी हा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. त्याची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते, कारखान्यात काम आणि जोडीला लुडविग्सबुर्गच्या व्यवसायशाळेत शिक्षण. अमेरिकेतल्या पियानो टेक्निशियन्स गिल्ड या संस्थेची लेखी, दुरुस्तीची आणि ट्यूनिंगची अशा तीन परीक्षांची पद्धत आहे. त्या उत्तीर्ण झाल्यावर ‘रजिस्टर्ड पियानो टेक्निशियन’ म्हणवून घेता येतं. तुम्ही ती परीक्षा द्या अथवा देऊ नका, तिच्यात काय काय तपासतात ते जरूर वाचा. शिकण्याचा आराखडा आयता मिळतो.

परदेशी जाण्यासाठी कर्ज काढावं का, असं पालक विचारतात. आधी इथे वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली काम करू द्या. मुलाची चिकाटी दिसली की मग त्या खर्चाचा विचार करा.

पियानो वाजवता यायलाच हवा का?

मैफल करण्याइतका नाही. पण सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवता आला पाहिजे, हळू वाजवलं तर कसं वाटतं आणि जोरात वाजवलं तर कसं, हे बोटांना कळलं पाहिजे. वाजवणारा म्हणतो, “ही पट्टी जड लागते.” ते जडपण तुमच्या बोटाला जाणवलं नाही तर शोधणार काय? सोपे तुकडे वाजवण्याइतकं तरी शिकून घ्या.

मी पेटी दुरुस्त करतो. तो अनुभव इथे उपयोगी पडेल का?

पडेल, आणि खूप पडेल. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकाची आठवण सांगणाऱ्या या शहरात पेटीची जाण असलेले कारागीर आणि श्रोते आजही आहेत. रीडच्या, म्हणजे पेटीतल्या सूर देणाऱ्या धातूच्या पातीच्या, टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, हे तुमच्या हातात बसलेलं आहे. चामडं, फेल्ट (दाबून केलेलं जाड लोकरी कापड), स्प्रिंग आणि लाकडाची कुरबुर तुम्हाला नवी नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोन सूर जुळत नसतील तर ते तुमच्या कानाला आधीच बोचतं.

फरक ताणात आहे. पेटीची रीड एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकते. पियानोत 88 पट्ट्यांसाठी सुमारे 230 तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण 18 ते 20 टनांपर्यंत जातो. तो पेलायला आत बिडाची ओतीव चौकट असते. ओतकामाच्या या गावात ती बघून कुणालाही कौतुक वाटेल. प्रत्येक तार एका पोलादी पिनेला गुंडाळलेली असते आणि ती पिन कठीण लाकडाच्या ठोकळ्यात केवळ घर्षणावर धरलेली असते. त्यामुळे सूर नुसता जुळवून चालत नाही, तो तिथे थांबला पाहिजे. पेटीवाल्याला नव्याने शिकायचं असतं ते हेच.

शास्त्रीय गाणं शिकलोय, कान तयार आहे. मग ट्यूनिंग लगेच जमेल?

कान तयार असणं ही मोठी पुंजी आहे. गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या शहरात राहिले आणि देवल क्लबसारखी संगीतसंस्था जिथे 1883 पासून उभी आहे, तिथल्या गाणं ऐकणाऱ्या मुलाला दोन तंबोऱ्यांच्या तारा मिळाल्या की नाही हे सांगावं लागत नाही. पण नेमका हाच कान सुरुवातीला आडवा येतो.

तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पियानोचा गंधार साधारण 14 सेंट चढा असतो. सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पियानोचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा 2 सेंट उतरलेला असतो, तो फारसा खटकत नाही. गंधार मात्र गाणाऱ्या माणसाला चांगलाच खटकतो. पियानोवर कुठल्याही पट्टीला षड्ज धरून वाजवता यावं म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि त्याची किंमत गंधाराला मोजावी लागते. शास्त्रीय संगीतातून आलेले विद्यार्थी नकळत तो गंधार खाली ओढतात. एका ठिकाणी तो गोड लागतो, पण चार पट्ट्या पुढे गेलं की सगळं वाकडं ऐकू येतं.

म्हणून या विद्यार्थ्यांना मी गोडवा ऐकायला सांगत नाही, लाटा मोजायला सांगतो. दोन सूर पूर्ण जुळलेले नसले की आवाज ‘वँव-वँव’ असा हलतो. बारावी सायन्सच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात, आमच्या कामात बीट. मधल्या सप्तकाच्या जरा खालचा एफ आणि त्याच्या वरचा ए (ही सुरांची पाश्चात्त्य नावं) एकत्र वाजवले की सेकंदाला साधारण 7 बीट पडले पाहिजेत. तिथून एकेक पट्टी वर सरकत गेलं की हा वेग हळूहळू आणि सारखा वाढला पाहिजे. मधेच कुठे तो दचकला, तर चूक तिथेच आहे. हे ऐकायला कानाला काही महिने लागतात, पण गाणं शिकलेल्याला ते इतरांपेक्षा लवकर साधतं.

ट्यूनिंग प्रत्यक्षात कसं करतात?

पियानोच्या बहुतेक पट्ट्यांना तीन तारा असतात, खालच्या सुरांकडे दोन आणि अगदी खर्जात एकच जाड, तांबं गुंडाळलेली तार. आधी फेल्टची लांब पट्टी तारांमध्ये खोचून प्रत्येक सुराची फक्त मधली तार मोकळी ठेवतात. 440 हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कवरून ए लावायचा, त्यावरून मधलं एक सप्तक बांधायचं, मग ते सप्तक वर आणि खाली पसरवत न्यायचं. नंतर फेल्ट काढत प्रत्येक सुराच्या उरलेल्या तारा मधल्या तारेशी जुळवायच्या.

लिहायला सोपं आहे. करताना खरी परीक्षा पिनेशी असते. ट्यूनिंगची, म्हणजे पिन फिरवायची, किल्ली फिरवली की पिनेचं वरचं टोक आधी पिळतं, लाकडातलं खालचं टोक नंतर हलतं. तुम्हाला वाटतं सूर आला. हात काढला की पिन पीळ सोडते आणि सूर घसरतो. शिवाय तार जिथे जिथे टेकते तिथे घर्षण असतं, त्यामुळे पिनेकडच्या तुकड्यात ताण वेगळा आणि बोलणाऱ्या, म्हणजे आवाज देणाऱ्या, तुकड्यात वेगळा राहतो. म्हणून सूर किंचित चढा घेऊन, पट्टी दोन-तीनदा ठणकावून वाजवत, तार आणि पिन दोन्ही स्थिर होतील अशा बेताने खाली आणायचा. किती चढा, किती दाब, हे प्रत्येक पियानोत वेगळं असतं आणि तळहाताला कळावं लागतं. नवशिक्याचे 4-5 तास एका पियानोवर सहज जातात. मुरलेला माणूस तेच काम दीड-दोन तासांत करतो आणि त्याचा सूर टिकतोही.

मोबाइलवर चांगली ॲप आहेत. मग कान कशाला?

ॲप वापरा, मीही वापरतो. जाड तारांचे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर निघणारे वरचे बारीक सूर) गणिताने सांगितल्यापेक्षा थोडे चढे निघतात, म्हणून पियानोची सप्तकं जराशी ताणून लावावी लागतात. तो हिशेब चांगलं ॲप पटकन करून देतं. गोंगाटाच्या हॉलमध्ये तर त्याचा फारच आधार होतो. पण पिन स्थिर बसली का, हे ॲप सांगत नाही. आणि एका सुराच्या तीन तारा एकमेकींशी इतक्या जुळवायच्या असतात की एकच तार वाजतेय असं वाटावं. ते शेवटचं काम कानानेच चोख होतं. आधी सहा महिने फोर्कवर शिका, मग ॲप हातात घ्या.

कोल्हापूरच्या पावसाचा पियानोवर काय परिणाम होतो?

या भागात काम करणाऱ्याने सगळ्यात जास्त अभ्यास याचाच करावा. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं तिथल्या हिवाळ्यातल्या कोरड्या घरांचा विचार करून लिहिलेली असतात. आपली अडचण उलटी आहे.

पियानोचा आवाज मोठा करतो तो साउंडबोर्ड, म्हणजे स्प्रूस लाकडाची पातळ, किंचित फुगीर फळी. पियानोला हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास मानवते. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे ती बाहेर 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. ती फळी ओल पिऊन फुगते, तिच्यावरचा ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. सगळीकडे सारखा चढला असता तर एवढं बिघडलं नसतं, पण मधला भाग जास्त चढतो आणि दोन्ही टोकं कमी. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की हेच उलट्या दिशेने घडतं. म्हणून ऐन पावसात केलेलं ट्यूनिंग थंडीपर्यंत बिघडतंच. माझा सल्ला असा की वर्षातून एकदाच ट्यूनिंग करायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात करावं, दोनदा परवडत असेल तर दुसरं पावसाळ्याआधी. पावसात कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लावायचा.

पियानोत बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत अजून काही घरांत दिसते. ओल कमी होते हे खरं, पण फेल्ट आणि सुकं लाकूड बल्बच्या इतक्या जवळ ठेवणं धोक्याचं आहे. पियानोसाठी बनवलेली, आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद होणारी हीटरची कांडी मिळते, ती बसवावी. ग्राहकाला खोलीत ठेवायला साधा आर्द्रतामापक घ्यायला लावा. पियानो बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला टेकवलेला असेल तर आतल्या भिंतीकडे हलवायला सांगा. कसर, वाळवी आणि उंदीर हे तिघं पियानो सुरापेक्षा लवकर संपवतात. दर भेटीत खालचं पॅनेल काढून बॅटरीने आत बघायची सवय लावून घ्या.

पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. त्या कशा सोडवायच्या?

आधी कारण शोधा. पट्टी दाबली आणि वर आली नाही, म्हणजे पट्टीच अडकली असं नसतं. उभ्या पियानोचं वरचं पॅनेल उघडा, त्या सुराचा हॅमर, म्हणजे तारेवर आपटणारा फेल्टचा हातोडा, बोटाने हळूच तारेकडे ढकला आणि सोडा. तो रेंगाळत मागे आला, तर दोष ॲक्शनमधल्या, म्हणजे पट्टीचा जोर हॅमरपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतल्या, बारीक बिजागरीत आहे: तिथली पिन आणि तिच्याभोवतीचं कापड एकमेकांना आवळून बसलेत. हॅमर चटकन मागे आला पण पट्टी खालीच राहिली, तर दोष पट्टीत. तिथे आधी दोन पट्ट्यांच्या फटीत नाणं, पेन्सिलीचा तुकडा, टिकली असं काही पडलंय का बघा. शाळेतल्या पियानोत हे हमखास सापडतं. काही नसेल तर पट्टी बाहेर काढून खाचेतलं फुगलेलं फेल्ट त्यासाठी असलेल्या पकडीने अलगद दाबायचं. लाकूड घासायचं नाही. थंडीत तीच पट्टी खुळखुळेल.

आणि तेल कुठेही घालायचं नाही. शिलाई मशीनचं नाही, खोबरेल नाही, फवाऱ्याच्या डब्यातलंही नाही. पिनांच्या लाकडात तेल मुरलं की ते लाकूड पिना धरत नाही, आणि तो पियानो पुन्हा सुरात उभा करणं फार महागात पडतं.

ट्यूनिंगशिवाय आणखी काय शिकावं लागतं?

रेग्युलेशन आणि व्हॉइसिंग. रेग्युलेशन म्हणजे पट्टीपासून हॅमरपर्यंतची सगळी मापं जागेवर आणणं. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते, ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, हॅमर तारेपासून 45 ते 48 मिलिमीटरवर विसावतो आणि तारेला लागायच्या दीड-दोन मिलिमीटर आधी तो पट्टीच्या जोरातून सुटतो. ही सुटका उशिरा झाली की हॅमर तारेवरच दबून राहतो, लवकर झाली की हळू वाजवलेला सूर उमटतच नाही. हे 88 पट्ट्यांत सारखं करायचं असतं. व्हॉइसिंग म्हणजे हॅमरचं फेल्ट सुयांनी मऊ करणं किंवा घासून आकारात आणणं, म्हणजे आवाज हवा तसा गोल किंवा धारदार होतो. सुई लावणं शेवटी शिका. टोचलेलं फेल्ट पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

हत्यारं कुठून आणायची? खर्च किती?

सुरुवातीला चांगली ट्यूनिंग किल्ली, रबरी पाचरी, फेल्टची पट्टी, उभ्या पियानोसाठी तार गप्प करायचा चिमट्यासारखा म्यूट आणि फोर्क, एवढं पुरे. किल्लीत पैसे वाचवू नका. सैल बसणारी किल्ली पिनेचे कोपरे खाते आणि हाताला काही कळू देत नाही. ती बाहेरून मागवावी लागते. बाकी बरंच काही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत करून मिळतं: वायर वाकवायचे आकडे, जाड तारांसाठीचे हूक, ॲक्शन ठेवायचे स्टँड. नमुना आणि माप घेऊन जा, तिथल्या लेथवाल्यांना अंदाजाने काम दिलेलं आवडत नाही. आणि तार बदलताना डोळ्यांवर गॉगल हवाच. ताणलेली तार तुटते तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

सरावासाठी पियानो कुठून आणू?

मुंबई, पुणे किंवा गोव्यातून जुना उभा पियानो स्वस्तात मिळू शकतो. लाकडाच्या पॉलिशवर जाऊ नका. बिडाच्या चौकटीला तडा असेल तर घेऊच नका. किल्ली लावून वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा-वीस पिना फिरवून बघा. बोटभर जोराने फिरत असतील तर लाकूड संपलेलं आहे. बाकी बिघाड जितके जास्त तितकं शिकायला बरं. मात्र उभ्या पियानोचं वजन 200 किलोच्या पुढे असतं, त्यामुळे वाहतूक आणि हमाल यांचा खर्च आधी विचारून घ्या, आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर जिनाही मोजा.

माझ्या भावाला दिसत नाही. त्याला हे काम शिकता येईल का?

नक्की येईल, आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. पॅरिसच्या अंधशाळेत शिकलेल्या क्लोद मोंताल या दृष्टिहीन तरुणाने स्वतःच्या प्रयत्नांनी पियानोची रचना समजून घेतली, ट्यूनर म्हणून नाव कमावलं आणि 1836 साली ट्यूनिंगवर पुस्तकही लिहिलं. पुढे युरोपातल्या कितीतरी अंधशाळांतून ट्यूनिंग हा व्यवसाय म्हणून शिकवला जाऊ लागला. ट्यूनिंग कानाचं आणि हाताचं काम आहे. बारीक दुरुस्तीही स्पर्शाने शिकता येते, फक्त शिकवणाऱ्याने तुमच्या भावाचे हात धरून प्रत्येक भाग दाखवला पाहिजे. अडचण येईल ती प्रवासाची. त्यावर सुरुवातीलाच विचार करून, घरातलं कुणी किंवा एखादा सहकारी बरोबर जाईल अशी व्यवस्था करा.

मुलींना जमेल का?

जमेल. किल्ली ताकदीवर नाही, मनगटाच्या नेमकेपणावर चालते.

डिजिटल पियानोही दुरुस्त करावेत का?

शिकून ठेवा, आपल्याकडे तेच जास्त आहेत. त्यांना ट्यूनिंग लागत नाही, पण पट्ट्यांखालचे रबरी संपर्क मळतात, झिजतात आणि काही सूर एकदम जोरात वाजतात किंवा वाजतच नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सची थोडी समज असेल तर हे काम घरबसल्या मिळतं.

ग्राहकाकडून किती घ्यावे?

आकडा तुमच्या गावावर आणि हातावर ठरेल, पण तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा: ट्यूनिंग, दुरुस्ती आणि प्रवास. सगळं एकत्र सांगितलं की ग्राहकाला महाग वाटतं आणि तुम्हाला परवडत नाही.

अनेक वर्षं न लावलेल्या पियानोचा हिशेब आधीच बोलून घ्या. सगळेच सूर एका पट्टीने खाली उतरलेला पियानो पुन्हा जागेवर आणायचा म्हणजे चौकटीवर जवळपास 2 टन ताण नव्याने चढवायचा. एका बैठकीत तो टिकत नाही. आधी झरझर एकदा वर आणायचा, मग नीट लावायचा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा यायचं. तारा गंजलेल्या असतील तर तुटण्याची शक्यताही सांगायची, आणि तार तुटली तर खर्च कुणाचा हेही. जिथे पियानो इतका ताण सोसणार नाही असं वाटतं, तिथे तो आहे त्या पट्टीतच सुरेल लावून द्यावा. घरात एकटंच वाजवणाऱ्या आजींना 440 नाही मिळालं तरी चालतं. तार तुटलेली त्यांना चालणार नाही.

तुमच्याकडे शिकायला येऊ का?

या, पण आधी एखाद्या रविवारी येऊन नुसतं बसा. एकच सूर अर्धा अर्धा तास ऐकत बसणं तुम्हाला मानवतं का, ते बघा. मानवलं तर पहिले काही महिने फेल्ट लावणं, पट्ट्या काढून क्रमाने मांडणं, आतली धूळ मऊ ब्रशने काढणं ही कामं असतील. त्यानंतर माझ्या सरावाच्या पियानोवर एका सुराच्या तीन तारा जुळवायला देईन. ते स्थिर झालं की सप्तक बांधायला. ग्राहकाच्या पियानोला किल्ली लावायची पाळी त्यानंतर येईल. नखं कापलेली हवीत, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं, आणि बरोबर एक वही आणायची: कुठला पियानो, कुठल्या महिन्यात, खोलीत आर्द्रता किती, कुठले सूर किती हलले, हे दर वेळी त्यात लिहायचं आहे.